सिडनी विद्यापीठाची एकशे सोळा वर्षे

दोन महिन्यांपूर्वी आमच्या महाविद्यालयाचा एक माजी विद्यार्थी घरी आला. एम. ए. झालेला, दोन ठिकाणी तासिका तत्त्वावर शिकवणारा. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायचा त्याचा विचार होता आणि विद्यापीठ निवडण्यासाठी त्याला माझा सल्ला हवा होता. मी माझ्या घराण्यातला पहिला पदवीधर. परदेशातले विद्यापीठ मी पाहिलेले नाही. माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नाही. पण आपल्या मुलांना वाटते, सर आहेत म्हणजे सरांना माहीत असणारच. त्याने मोबाईलवर सिडनी विद्यापीठाचे छायाचित्र दाखवले. पिवळसर दगडाची भव्य इमारत, टोकदार कमानी, मधोमध मनोरा, समोर हिरवळ. जागतिक क्रमवारीत नाव वर आहे, असे त्याने सांगितले. मग जरा थांबून विचारले, "सर, तिथं आपल्यासारखं कुणी शिकलं असेल का?"

'आपल्यासारखे' म्हणजे भारतीय, असे त्याला म्हणायचे नव्हते. भारतीय तिथे हजारांनी आहेत. त्याला काय विचारायचे होते ते मला कळले, कारण अठराव्या वर्षी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पहिल्यांदा शिरताना हाच प्रश्न माझ्याही मनात होता. त्या वेळी मी तो कुणाला विचारला नव्हता. या मुलाने विचारला, म्हणून मी वाचायला बसलो. त्याला तोंडी सांगितले ते थोडे. येथे जरा विस्ताराने मांडतो.

सिडनी विद्यापीठाचा कायदा १ ऑक्टोबर १८५० रोजी मंजूर झाला. मुंबई विद्यापीठ १८५७ चे, म्हणजे हे सात वर्षांनी थोरले. ऑस्ट्रेलियातील ते पहिले विद्यापीठ. ब्रिटनमधून कैदी आणून वसवलेल्या गावाने विद्यापीठ काढावे हीच त्या काळी नवलाची गोष्ट होती. कल्पना विल्यम चार्ल्स वेंटवर्थ यांची. हे त्या वसाहतीतले बडे जमीनदार आणि कायदेमंडळातले पुढारी. पण त्यांची आई शिक्षा होऊन आलेली कैदी होती. विद्यापीठ श्रीमंतांसाठी नाही, गरिबाच्या मुलालाही इथून देशाच्या मोठ्या जागेवर जाता आले पाहिजे, अशा आशयाची भाषणे त्यांनी १८४९ मध्ये केली. तीही पोकळ नव्हती. त्या काळी इंग्लंडमधील ऑक्सफर्डमध्ये प्रवेश घ्यायचा तर इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या धर्मतत्त्वांवर सही करावी लागे. कॅथलिक, ज्यू, इतर पंथीय बाहेर. सिडनीने ही अट घातली नाही. धर्म विचारायचा नाही, गुण बघायचे, असे ठरले. ११ ऑक्टोबर १८५२ रोजी तीन प्राध्यापक आणि चोवीस विद्यार्थी यांच्यावर विद्यापीठ सुरू झाले. इमारतही स्वतःची नव्हती. एका शाळेचा मोठा वर्ग घेतला होता. १८५८ मध्ये राणीच्या सनदेने इथल्या पदव्यांना ब्रिटिश विद्यापीठांच्या पदव्यांचा दर्जा मिळाला.

एवढे वाचून मला वेंटवर्थ यांच्याबद्दल आदर वाटू लागला होता. मग दुसरी गोष्ट वाचनात आली. १८४४ मध्ये याच कायदेमंडळात एक विधेयक आले होते. मूळ रहिवाशांची साक्ष न्यायालयात ग्राह्य धरावी एवढीच त्यातली मागणी. गोऱ्या माणसाने त्यांचा खून केला तरी पाहणारे बहुधा त्यांचेच लोक असत आणि त्यांची साक्ष कायद्याला चालत नसे. वेंटवर्थ यांनी त्या विधेयकाला विरोध केला. कैदी बाईच्या मुलाला 'गरिबाचे मूल' दिसत होते, पण त्याच भूमीवर हजारो वर्षे राहत आलेल्या माणसाचे मूल त्या शब्दात बसत नव्हते. आपल्याला या प्रकारचे सुधारक नवे नाहीत.

ज्या टेकडीवर विद्यापीठ उभे आहे ती गॅडिगल लोकांची. १७८८ मध्ये इंग्रजांची जहाजे आली. पुढच्याच वर्षी देवीच्या साथीत या किनाऱ्यावरचे लोक मोठ्या संख्येने मेले. वसाहतीच्या पहिल्या दिवसांत या भागाला गोरे लोक 'कांगारूंचे मैदान' म्हणत. नंतर तिथे सरकारी शेत झाले, आणि १८५० च्या दशकात ती जागा विद्यापीठाला मिळाली. एडमंड ब्लॅकेट या वास्तुशिल्पीने ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या धर्तीवर वालुकाश्माची इमारत बांधली. तिचे मोठे सभागृह १८५९ मध्ये पुरे झाले. दगड मात्र तिथलाच, सिडनीचा. या इमारतीवर पावसाचे पाणी ओकणारी जी दगडी तोंडे कोरली आहेत त्यांत विलायती पशूंबरोबर एक कांगारूही आहे. मैदानावरचे कांगारू गेले, दगडाचा एक वर राहिला.

आतल्या चौकात एक जॅकरांडाचे झाड होते, १९२८ मध्ये लावलेले. ते निळ्या-जांभळ्या फुलांनी भरेपर्यंत ज्याने अभ्यास सुरू केला नाही तो नापास झालाच म्हणून समजावे, असा मुलांचा समज. (आपल्याकडे गुलमोहराला हे काम देता येईल.) हे झाड २०१६ मध्ये पडले. २०१७ मध्ये त्याच जागी त्याच झाडाच्या कलमाचे नवे जॅकरांडा लावले, आणि चौकाच्या दुसऱ्या कोपऱ्यात गॅडिगल लोकांच्या सन्मानार्थ एक स्थानिक, लाल फुलांचे झाड लावले. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या झाडाला जागा १९२८ मध्येच मिळाली होती. इथल्या मातीतल्या झाडाला सन्मानाची जागा मिळायला २०१७ उजाडावे लागले.

स्त्रियांना १८८१ मध्ये प्रवेश खुला झाला आणि १८८५ मध्ये दोन स्त्रिया पदवीधर झाल्या. त्या काळाच्या मानाने हे लवकर. आता मूळ रहिवाशांचे काय? त्यांना मनाई करणारा नियम विद्यापीठाने कधीच केला नाही. १८५० च्या कायद्यात नाही, १८५८ च्या सनदेत नाही. आणि तरीही या विद्यापीठातून पहिला मूळ रहिवासी पदवीधर बाहेर पडला तो १९६६ मध्ये. एकशे सोळा वर्षांनी.

हे कसे घडते, ते आपण नीट पाहिले पाहिजे. कारण 'आम्ही कुणाला अडवलेच नाही' हे वाक्य आपण रोज ऐकतो.

न्यू साऊथ वेल्समध्ये सरकारी शाळा सर्वांसाठी होत्या. परंतु गोऱ्या पालकांनी हरकत घेतली की मूळ रहिवाशांच्या मुलांना शाळेतून काढायचे, अशी पद्धत १९०२ पासून खात्याचे अधिकृत धोरणच झाली. एका पालकाची तक्रारही पुरे होई. तक्रारीत मुले अस्वच्छ आहेत, रोग पसरेल असे लिहिलेले असे. काढलेल्या मुलांसाठी राखीव वस्तीवर वेगळी शाळा. तिथे कमी अभ्यासक्रम आणि शिकवायला पुष्कळदा वस्तीच्या व्यवस्थापकाची बायको, जिने स्वतः शिक्षकाचे शिक्षण घेतलेले नाही. त्यात १९०९ च्या कायद्याने सरकारी मंडळाला या लोकांच्या राहण्या-वागण्यावर अधिकार दिले, आणि पुढे मुले आईबापांपासून काढून संस्थांत टाकण्याचेही. मुलींना घरकाम शिकवायचे, मुलांना शेतमजुरी. समाजातून विरोध असेल तर मुलाला प्रवेश नाकारण्याची मुख्याध्यापकाला असलेली मुभा खात्याच्या नियमपुस्तिकेतून गेली ती १९७२ मध्ये. म्हणजे मॅट्रिकपर्यंत कुणी पोचणारच नाही अशी सोय खाली केलेली होती. वर विद्यापीठाला दरवाजा लावून घेण्याची गरजच पडली नाही. उदारमतवाद शाबूत राहिला.

माझे आजोबा शाळेच्या ओट्यावर बसून दुसरीपर्यंत शिकले. वर्गात का नाही, असा प्रश्न विचारायचा असतो हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. त्या शाळेच्या दप्तरात ते 'हजर' म्हणूनच नोंदलेले असणार.

पण सिडनी विद्यापीठ मूळ रहिवाशांबद्दल अनभिज्ञ होते असे समजू नये. उलट त्यांचा जेवढा अभ्यास तिथे झाला तेवढा देशात कुठे झाला नसेल. ऑस्ट्रेलियातील मानववंशशास्त्राचे पहिले अध्यासन १९२५ मध्ये इथेच निर्माण झाले आणि रॅडक्लिफ-ब्राऊन हे जगप्रसिद्ध अभ्यासक त्यावर आले. १९३० मध्ये 'ओशनिया' हे संशोधन-नियतकालिक सुरू झाले. १९३३ पासून १९५६ पर्यंत ए. पी. एल्किन हे प्राध्यापक होते. नातेसंबंध, विवाहाचे नियम, विधी, भाषा... वस्त्यांवर जाऊन, राहून, टिपणे काढून हे ज्ञान जमवले गेले. संग्रहालयात वस्तू आल्या. वस्तूंबरोबर माणसांचे अवशेषही. हे अवशेष त्या त्या समाजाला परत करण्याचे काम अलीकडच्या काळात सुरू झाले आहे.

हे सगळे काम टाकाऊ होते असे मी म्हणणार नाही. त्या टिपणांचा पुढे लोकांना आपली भाषा पुन्हा शिकण्यासाठी, जमिनीवरचा हक्क सांगण्यासाठी उपयोग झाला आहे. एल्किन यांनी त्यांच्या नागरिकत्वासाठी लिहिले-बोलले, हेही खरे. पण त्यांचे कारभारपण करणाऱ्या सरकारी मंडळावरही तेच बसत होते, आणि या लोकांनी हळूहळू गोऱ्यांच्या समाजात विरघळून जावे हीच त्यांची वाट होती. चाळीस वर्षे एक समाज विद्यापीठाच्या कपाटांत, वह्यांत, व्याख्यानांत होता. बाकावर नव्हता.

इथे मला न्यूयॉर्कमधली एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राच्या एका चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने भारतातील जातींवर निबंध वाचला. तो विद्यार्थी भीमराव आंबेडकर. त्याच साली मध्य प्रांतातील जाती-जमातींवर रसेल आणि हिरालाल यांचे ग्रंथ प्रसिद्ध झाले, ज्यांत आपण 'नोंद' म्हणून आलो आहोत. ज्याची नोंद व्हायची तोच नोंद करणाऱ्यांच्या पंक्तीत उभा राहून जातीची उपपत्ती सांगतो, ही घटना किती मोठी होती हे सिडनीचा इतिहास वाचताना मला नव्याने कळले. तिथे अध्यासन सुरू होण्याआधी नऊ वर्षे ती घडली होती.

आता संशोधनाबद्दल, कारण क्रमवारीत नाव वर येते ते बव्हंशी त्यामुळेच. पदार्थविज्ञान आणि खगोलशास्त्र हा या विद्यापीठाचा खरा अभिमान. १९५६ मध्ये तिथे 'सिलियॅक' हा संगणक चालू झाला. त्यासाठी अॅडॉल्फ बॅसर या जवाहिऱ्याने मोठी देणगी दिली, आणि हा गृहस्थ मेलबर्न कपची शर्यत जिंकणाऱ्या घोड्याचा मालक होता. शर्यतीच्या पैशातून संगणक, असा हा किस्सा तिथे आवडीने सांगतात. निद्रेत श्वास अडकणाऱ्या रोग्यांना हवेच्या दाबाने श्वास देणारे जे यंत्र आज आपल्या शहरांतही मिळते, ते तिथल्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० च्या सुमारास तयार केले.

एक धागा महाराष्ट्राशीही जोडलेला आहे. सिडनीजवळ पॉट्स हिल येथे ऑस्ट्रेलियाच्या सरकारी विज्ञान संस्थेसाठी डब्ल्यू. एन. क्रिस्टियानसेन यांनी सूर्याचा वेध घेणाऱ्या बत्तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभारली होती. तरुण गोविंद स्वरूप तिथे काम करायला गेले होते. दुर्बीण मोडीत निघाली तेव्हा त्या तबकड्या भारताला देण्यात आल्या आणि १९६५ मध्ये आपल्या कल्याणजवळ उभ्या राहिल्या. खोडदची मोठी दुर्बीण त्याच परंपरेतली. क्रिस्टियानसेन पुढे सिडनी विद्यापीठात प्राध्यापक झाले.

पण मला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो नॅराब्रायच्या प्रयोगाने. हॅनबरी ब्राऊन हे तिथले प्राध्यापक, जन्माने निलगिरीतले. त्यांनी सिडनीपासून दूर, नॅराब्राय या लहान गावाबाहेर, वर्तुळाकार रुळांवर फिरणारे दोन प्रचंड आरसे उभारले. दोन आरशांवर पडणाऱ्या एकाच ताऱ्याच्या प्रकाशातील चढउतार ताडून पाहायचा आणि त्यावरून ताऱ्याचा व्यास काढायचा, अशी ती युक्ती. १९६३ पासून सुमारे दहा वर्षांत त्यांनी बत्तीस ताऱ्यांचे व्यास मोजले. कित्येक प्रकाशवर्षांवरच्या बिंदूची रुंदी मोजणे हा मानवी बुद्धीचा पराक्रम आहे, यात शंका नाही. नॅराब्रायपासून उत्तरेला साधारण शंभर किलोमीटरवर मोरी नावाचे गाव आहे. तिथे त्याच वर्षी नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावात काळ्या मुलांना उतरायला बंदी होती. १९५५ चा तसा ठरावच होता. शाळेच्या वेळेत, शाळेबरोबर ती मुले येऊ शकत. शाळा सुटली की त्यांनी बाहेर व्हायचे. हे शंभर किलोमीटर मोजायला विद्यापीठाचे कुठलेच यंत्र गेले नाही. एक बस गेली. तिची हकिगत सांगतो.

चार्ल्स पर्किन्स १९३६ मध्ये अॅलिस स्प्रिंग्ज येथे, मूळ रहिवाशांसाठीच्या सरकारी वस्तीत जन्मले. आई हेटी पर्किन्स, अरर्न्ट समाजाची. दहाव्या वर्षी शिक्षणासाठी म्हणून मुलाला अॅडलेडच्या चर्चच्या वसतिगृहात पाठवले गेले. पुढे कारखान्यात फिटर-टर्नरचे काम शिकले. पण पाय होते फुटबॉलचे. त्या बळावर ते इंग्लंडला जाऊन खेळून आले. परत येऊन सिडनीत ग्रीक स्थलांतरितांच्या संघाकडून खेळू लागले, आणि त्या पैशावर संसार व अभ्यास दोन्ही चालवले. प्रौढ वयात मॅट्रिकच्या तोडीची परीक्षा दिली आणि १९६३ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षाच्या आसपास, सिडनी विद्यापीठात बी. ए. ला नाव घातले. त्याच वर्षी गॅरी विल्यम्स हा दुसरा मूळ रहिवासी विद्यार्थीही आला. हजारोंच्या विद्यापीठात दोन. (देशातल्या पहिल्या मूळ रहिवासी पदवीधर म्हणून मार्गारेट विल्यम्स यांचे नाव घेतले जाते, त्यांनी १९५९ मध्ये मेलबर्न विद्यापीठातून शारीरिक शिक्षणाची पदविका मिळवली.)

१९६४ च्या मे महिन्यात सिडनीच्या विद्यार्थ्यांनी अमेरिकन वकिलातीसमोर निदर्शने केली. अमेरिकेतील निग्रोंना नागरी हक्क मिळावेत म्हणून. काहींना अटक झाली. तेव्हा त्यांना उलट विचारले गेले की अमेरिकेचे दुःख दिसते, आपल्या देशातले नाही का दिसत? हा प्रश्न टोमणा म्हणून विचारला होता. विद्यार्थ्यांनी तो खरा मानला, हे त्यांचे मोठेपण. दूरच्या अन्यायावर कविता करणारे आणि गावच्या वेशीबाहेर न बघणारे आपल्याकडेही पुष्कळ आहेत. विद्यार्थ्यांनी संघटना काढली. पर्किन्स अध्यक्ष, जिम स्पिगलमन हा पोलंडमधून आलेल्या ज्यू कुटुंबातला, विशीही न गाठलेला मुलगा चिटणीस. हाच पुढे न्यू साऊथ वेल्सचा सरन्यायाधीश झाला.

१२ फेब्रुवारी १९६५ च्या रात्री तिसेक विद्यार्थी-विद्यार्थिनी बसने निघाले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या चळवळीतून नाव घेतले होते, स्वातंत्र्य-यात्रा. हातात प्रश्नावल्याही होत्या: घर कसे, पाणी कुठून, दुकानात-सिनेमात-शाळेत कसे वागवतात. तीच विद्यापीठाची टिपणवही, पण या वेळी टिपणाऱ्यांचा म्होरक्या त्याच लोकांतला होता.

वॉलगेट गावात माजी सैनिकांचा क्लब होता. युद्धात लढलेल्या काळ्या सैनिकांनाही त्यात मज्जाव. विद्यार्थी भर उन्हात त्यापुढे फलक घेऊन उभे राहिले. गर्दी जमली, शिव्या झाल्या, वाद झाला. त्या वादात वस्तीतली एक बाई पुढे आली आणि दिवसा आम्हाला दूर ठेवणारे यातले कोण कोण रात्री आमच्या वस्तीवर येतात, हे तिने भर रस्त्यात, सगळ्यांदेखत सांगितले. हा प्रसंग वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले. यावर मी आणखी काही लिहीत नाही. आपल्या वाचकांना ते लिहून दाखवण्याची गरज नाही. त्या रात्री गाव सोडताना एका ट्रकने बस रस्त्याखाली ढकलली. कुणी मेले नाही. पण ती बातमी देशभर छापली गेली.

मग मोरी. पर्किन्स आणि विद्यार्थ्यांनी राखीव वस्तीतली मुले बरोबर घेतली आणि तलावाच्या दाराशी जाऊन तिकिटे मागितली. पहिल्यांदा आत सोडले. विद्यार्थ्यांची पाठ फिरताच बंदी पुन्हा लागली. ते कळताच बस परत आली, २० फेब्रुवारीला. या वेळी शेकडोंचा जमाव होता. अंडी, टोमॅटो, थुंकी, धक्काबुक्की. काही तासांच्या या प्रकारानंतर ठराव रद्द करण्यासाठी पावले उचलू, असे पालिकेने कबूल केले.

महाडच्या चवदार तळ्याची आठवण आपल्याला होणारच. पण फरकही पाहिला पाहिजे. महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच तळे खुले केल्याचा ठराव केला होता. कागद आपल्या बाजूने होता, गाव नव्हते. म्हणून २० मार्च १९२७ रोजी ओंजळ भरावी लागली आणि त्यानंतर १९३७ पर्यंत उच्च न्यायालयात झगडावे लागले. मोरीत कागदच विरुद्ध होता. तिथे तलाव पोहण्याचा. इथे पिण्याच्या पाण्याचा सवाल होता. आणि महाडला बाबासाहेबांबरोबर हजारो अस्पृश्य स्वतः चालत गेले होते. मोरीच्या बसमध्ये बहुसंख्य गोरे विद्यार्थी होते. पर्किन्स यांनाही याची जाणीव होती आणि पुढच्या आयुष्यात आपल्या लोकांचे नेतृत्व आपल्या लोकांच्या हाती यावे यासाठी ते भांडत राहिले.

१९६६ मध्ये पर्किन्स बी. ए. झाले. २७ मे १९६७ च्या सार्वमतात ९०.७७ टक्के मतदारांनी राज्यघटनेतील बदलाला होकार दिला. त्याने मूळ रहिवाशांची जनगणनेत गणना होऊ लागली आणि त्यांच्याविषयी कायदे करण्याचा अधिकार मध्यवर्ती संसदेला मिळाला. मतदानाचा हक्क या सार्वमताने मिळाला असे पुष्कळ ठिकाणी छापलेले असते, ते चूक आहे. मध्यवर्ती निवडणुकांतील मताचा हक्क १९६२ मध्येच आला होता. पर्किन्स १९८४ मध्ये मूळ रहिवाशांच्या कारभाराच्या मध्यवर्ती खात्याचे सचिव झाले आणि २००० मध्ये वारले. २०१४ मध्ये विद्यापीठाने मधुमेह, लठ्ठपणा, हृदयविकार यांच्या संशोधनासाठी मोठी नवी इमारत उघडली, तिला त्यांचे नाव दिले. नावासाठी लाठ्या खाल्लेल्या, घरे जळालेली पाहिलेल्या मराठवाड्यातल्या माणसाला नावाचे मोल सांगायला नको. आमचे नामांतर १९७८ च्या ठरावानंतर सोळा वर्षांनी झाले.

विद्यार्थी-जीवन म्हणजे केवळ नाटक मंडळे आणि खेळ नव्हेत, जरी तेही तिथे भरपूर आहेत. 'होनी स्वा' हे विद्यार्थ्यांचे साप्ताहिक १९२९ पासून चालू आहे, आणि विद्यापीठाच्या कारभाराचे वाभाडे काढणे हा त्याचा आवडता विषय. १९७३ मध्ये तत्त्वज्ञान विभागातील दोन तरुण अभ्यासक स्त्रियांनी स्त्रीवादी विचारावर अभ्यासक्रम सुचवला. वरच्यांनी तो अडवला. विद्यार्थी आणि काही शिक्षक संपावर गेले, आणि बांधकाम मजुरांच्या संघटनेने त्यांना पाठिंबा म्हणून विद्यापीठातले बांधकाम थांबवले. तत्त्वज्ञानाच्या एका अभ्यासक्रमासाठी गवंड्याने थापी खाली ठेवली! अभ्यासक्रम झाला, विभागाचे मात्र दोन तुकडे झाले आणि ते २००० पर्यंत वेगळेच राहिले. अशीच झुंज अर्थशास्त्रात झाली. केवळ बाजाराचे गणित नको, अर्थव्यवस्थेत सत्ता कुणाची तेही शिकवा, ही मागणी. १९७५ मध्ये 'राजकीय अर्थशास्त्र' हा विषय मिळाला, स्वतंत्र विभाग व्हायला २००८ उजाडले. १९८३ च्या सुमाराच्या त्या आंदोलनात अँथनी अल्बानीज नावाचा विद्यार्थी होता. विद्यापीठाशेजारीच सरकारी घरात एकट्या आईने वाढवलेला. २०२२ मध्ये तो देशाचा पंतप्रधान झाला.

अशा मुलाला तिथे शिकता आले याचे एक कारण फी. व्हिटलम सरकारने १९७४ पासून विद्यापीठांची फी रद्द केली. १९८९ मध्ये ती वेगळ्या रूपाने परत आली: वर्षाला १८०० डॉलर, पण शिकताना भरायचे नाहीत, नोकरी लागून पगार ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की करातून वळते व्हायचे. ही युक्ती बरी, पण रक्कम वाढत गेली, आणि २०२१ पासून मानव्यविद्यांची तर दुपटीहून अधिक झाली. परदेशी विद्यार्थ्यांना मात्र पूर्ण फी आधी भरावी लागते. सत्तर हजारांहून अधिक विद्यार्थ्यांत ते चाळीस टक्क्यांपेक्षा जास्त आहेत. विद्यापीठाचा गाडा त्यांच्या पैशावर चालतो असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. १९०१ पासून १९७३ पर्यंत ज्या देशाने गोऱ्या नसलेल्यांना दाराशी अडवले त्याचे हे वळण मजेचे आहे. मूळ रहिवासी देशाच्या लोकसंख्येत २०२१ च्या जनगणनेप्रमाणे ३.२ टक्के, विद्यापीठात त्यांचे प्रमाण त्याहून बरेच कमी.

जुनी निवासी महाविद्यालये हा आणखी एक कोपरा. श्रीमंतांच्या मुलांची, चर्चच्या नावाची, नवागतांचा छळ हीच परंपरा मानणारी. २०१७ मध्ये त्यांच्या रीतीरिवाजांची एलिझाबेथ ब्रॉडरिक यांनी केलेली चौकशी प्रसिद्ध झाली. त्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले की तिथे राहायचे नाही, बाहेर खोली बघायची. २०२४ च्या एप्रिलमध्ये गाझाच्या प्रश्नावर मुलांनी मुख्य इमारतीसमोरच्या त्याच हिरवळीवर तंबू ठोकले; त्यानंतर निदर्शनांवर विद्यापीठाने नवे नियम घातले, त्यावर वाद चालू राहिला. छायाचित्रात तंबू दिसत नाहीत.

हे सगळे ऐकून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे सर, आपल्यासारखे एकशे सोळा वर्षांनी." मी म्हटले, हो, आणि त्याने पहिल्या दोन वर्षांतच बस काढली. तो हसला.

त्याने सिडनीचे नाव घातले आहे. विषयाच्या रकान्यात राजकीय अर्थशास्त्र लिहिले आहे. 'हेच विद्यापीठ का' या प्रश्नाला त्याने क्रमवारीबद्दल लिहिलेला परिच्छेद खोडला आणि मोरीबद्दल लिहिले. मी इंग्रजी तेवढे तपासून दिले. उत्पन्नाचा दाखला अजून मिळायचा आहे. सोमवारी आम्ही दोघे त्यासाठी जाणार आहोत.